तीनच्या भोंग्यापर्यंत लिंबूटिंबू

आमच्या ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, मोहोपाड्यात व्हिडिओ गेमची पेटी आणली त्या दिवशी पाताळगंगेचं पाणी दोन बोटं चढलं असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. मी तसं म्हणणार नाही. एक बोट चढलं असेल.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. मी आणि दाजी एकाच कारखान्यात पाळीवर होतो. पंधरा वर्षं एकच झडप उघडायची आणि बंद करायची, या कामाला दाजी इतके विटले होते की घरचा नळ सोडायलाही ते शेजाऱ्याला हाक मारत. मुंबईच्या एका दुकानदाराकडून त्यांनी ती पेटी मिळवली, सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि ओटीलगतच्या खोलीत पेटी उभी केली. त्या खोलीत पूर्वी भाताची कणगी असे. ताईने कणगी पडवीत काढू दिली, पण अट घातली. ती अट तिने एकदाच सांगितली आणि पुन्हा कधी तिचा उच्चार केला नाही, म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात राहिली.

"झोडनी झाली की भात घरात येनार. त्या दिवशी खोली मान्सांनी भरलेली असली तर पेटी ऱ्हाईल. नसली तर कनगी हितं आन तुमी पाळीवर."

दाजी हो म्हणाले. वैशाखात माणूस कार्तिकातल्या कशालाही हो म्हणतो.

पेटीवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, ते एका दमात वाचणारा खालापूर तालुक्यात कोणी नव्हता. खाली एक विमान आणि वरून पंखवाल्या कसल्याशा रांगा उतरत. आपण विमान डावीउजवीकडे न्यायचं आणि रांगा टिपायच्या. तीन विमानं मेली की डाव संपला. लोक त्याला नुसतं 'विमान' म्हणू लागले. पहिले दोन महिने खोलीत उभं राहायला जागा नसे. खुद्द दाजींना आपल्याच खोलीत खिडकीतून यावं लागे, आणि एकदा ते आत आले ते संध्याकाळी बाहेर पडले, मधे त्यांचे पाय जमिनीला लागलेच नव्हते.

आषाढापर्यंत मात्र गर्दी गळाली आणि चारजण उरले. चौघेही आमच्याच कारखान्यातले, रात्रपाळीचे. त्यांना विमान इतकं वश झालं होतं की एका नाण्यावर डाव सकाळपासून चाले. त्यातला एक तर मधेच घरी जेवून, जरा लवंडून परत येई, तोवर विमान सवयीने आपलं आपण गोळ्या झाडत राही. चौघांचा डाव संपेना, म्हणून पाचवा थांबेना.

श्रावणात मुंबईवाल्याने दाजींना सांगितलं की गेमचा दुसरा भाग निघाला आहे, गिऱ्हाईक पुन्हा येईल. पेटी तीच, फक्त आतली सर्किटची पाटी बदलायची. त्याचा मेकॅनिक आला, पाटी बदलली आणि जाताना पेटीच्या पाठीमागे दडलेली इवलीशी पांढरी बटणं दाखवून गेला. एका बटणाने विमानं वाढतात, एकाने खेळ सोपा किंवा अवघड होतो. दाजींनी ही विद्या गुप्त ठेवायची ठरवली आणि चहा पिता पिता त्या चौघांना सांगितली.

चौघांनी भाग दुसरा खेळून पाहिला. चौथ्या मिनिटाला त्यातला थोरला म्हणाला की यात दम नाही, रंग चढवलाय पण रग उतरलीय, एवढ्यासाठी आम्ही इतके दिवस खपलो काय. जुनं गिऱ्हाईक हातचं जाईल या धास्तीने दाजींनी सगळी बटणं अवघडाकडे सरकवली. चौघे खूश झाले. आणि भाग दुसरा असा झाला की त्यात नवा माणूस नाणं टाकून हात पुसेपर्यंत मरत असे.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, गिऱ्हाईक वाढवायचं म्हणजे बोलबाला करायचा, आणि त्या कामाला माझ्याइतका लायक माणूस रायगड जिल्ह्यात नव्हता. दोन सुट्ट्या मी एसटीत घालवल्या. कर्जतच्या स्टँडवर सांगितलं की दुसरा भाग जो पुरा करील त्याला पेटी मराठीत नावाने हाक मारते. खालापूरला कचेरीबाहेर सांगितलं की मामलेदार वेष पालटून खेळून गेले. नेरळला मी बोलायला तोंड उघडलं, तर तिथल्या चहावाल्यानेच मला सांगितलं की मोहोपाड्याला एक पेटी आहे, तिच्यातलं विमान एकदा काचेतून बाहेर येऊन माथेरानवर घिरट्या घालून गेलं. मी ऐकून घेतलं. स्वतःची थाप दुसऱ्याच्या तोंडून आपल्याहून मोठी होऊन भेटली की माणसाने नम्र व्हावं.

त्यानंतरच्या रविवारी लोक आले. बैलगाडीने आले, टेंपोने आले. रांग नदीपर्यंत गेली आणि नदी ओलांडावी की नाही यावर तिच्यात दोन तट पडले. पण रांग विलक्षण वेगाने पुढे सरकत होती. माणूस आत जाई, नाणं टाकी, आणि त्याच पावली बाहेर येई. भिंतीला टेकून ते चौघे प्रत्येकाला हसत. कर्जतचा एक दूधवाला बाहेर येऊन मला म्हणाला, "काय रं, मला नावानं हाक मारनार व्हती ना पेटी? हिनं तर माज्याकडं बघितलं पन नाय." दुपारी खोली रिकामी झाली. पुढच्या रविवारी त्यातला एकही परत आला नाही.

नवरात्र गेलं. भाताला लोंब्या आल्या आणि ते पिवळं पडलं. दाजी पेटीसमोर बसून राहात आणि ती बिघडेल तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

झोडणीला तीनेक आठवडे उरले असताना ताई सुतळी घेऊन खोलीत आली. कणगी पुन्हा बसवायला जागा किती लागेल ते मापायला. मी आणि दाजी तिथेच होतो, चौघांपैकी थोरला खेळत होता, बाकीचे तिघे भिंतीला टेकून होते. ताई सुतळी हातात धरून काचेकडे पाहात राहिली. ती दिवसभर शेतावर पाखरं राखून आली होती. माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, चढायचं, गोफण फिरवायची, आणि थवा उतरायच्या आत उठवायचा. गोफणीत तिचा हात असा की तिच्या दगडाची सावली पाहूनच पोपट कर्नाळ्याकडे वळत.

"ही तं पाकरंच हायेत," ती म्हणाली. "आन तू शेवटचं टिपत बसलायस. म्होरकं पाड की, थवा फुटंल."

थोरल्याने बाजूला होऊन, खेळा की वहिनी, असं तिला डिवचलं. ताईने सुतळी कमरेला खोचली, नाणं टाकलं आणि मेली. तिन्ही विमानं मिळून एक शिंक देण्याइतका वेळ गेला नसेल. चौघे हसले. आमची ताई हसण्याला बधणारी नव्हती. ती शांतपणे म्हणाली,

"मी लिंबूटिंबू."

लहानपणी कुठल्याही खेळात धाकटं पोर घ्यावंच लागे. ते बाद झालं तरी बाद धरायचं नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही, खेळून खेळून ते पक्कं व्हायचं. लिंबूटिंबू नसता तर आमच्या आळीतला लपंडाव एका पिढीत संपला असता.

थोरला म्हणाला की पेटीत लिंबूटिंबू नसतो. आणि इथे दाजींच्या तोंडून खरं निसटलं. ते म्हणाले, "असतो. मागं बटन हाय."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळं विचारून घेतलं: कोणतं बटण, कधी सरकवलं, कोणाच्या सांगण्यावरून. दाजी सांगत गेले आणि सांगता सांगता लहान होत गेले. शेवटी तर मला त्यांना वाकून शोधावं लागलं.

"म्हंजे चार मान्सांसाटी सगळ्या तालुक्याला बाद केलंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा नियम लागू झाला. कारखान्याचा तीनचा भोंगा होईपर्यंत बटणं सोप्याकडे, विमानं जास्तीत जास्त, आणि येईल तो लिंबूटिंबू. भोंगा झाला की बटणं अवघडाकडे, मग पक्क्यांनी खेळावं. चौघांना दुपारी यायचं असेल तर शिकवायला यावं, हसायला नाही. दारावर तिने माझ्याकडून खडूने लिहून घेतलं: 'पाखरं, भाग दुसरा. पहिला भाग खेळलेला नसला तरी चालेल.' त्या दिवसांत मी लिहिलेलं हे एकमेव खरं वाक्य.

शेतावर राखण करणाऱ्या बायका आधी आल्या, कारण त्यांना ताईने बांधावरून हाक मारली. मग कारखान्याच्या कॉलनीतल्या मास्तरीण बाई, मग दोन सासवा, मग कर्जतचा तो दूधवाला, माझ्याकडे न बघता. आठवड्याभरात रस्त्यात लोक एकमेकांना विचारू लागले, "पक्का झालास का रं?" आणि जो झाला असेल तो उत्तर न देता नुसता चालत राही, जरा सावकाश.

झोडणीच्या दिवशी संध्याकाळी भात आलं. मी आणि दाजींनी कणगी उचलून खोलीच्या दाराशी आणली. ती आत जाईना. दारात सात माणसं होती आणि त्यांतल्या एकानेही मान वळवली नाही. ताई आतून म्हणाली, कणगी झोपायच्या खोलीत न्या. दाजींचा चेहरा असा उजळला की मला खिशातली बॅटरी लावावी लागली नाही.

"मंग पेटी ऱ्हाईली," दाजी म्हणाले.

"ऱ्हाईली. तुमी सोमवारपास्नं पाळीवर."

"अगं, पन खोली भरली ना?"

"भरली. पन तुमी पक्के, पक्क्यांचंच ऐकता. हितं लिंबूटिंबू सांबाळनारं मानूस लागतं."

दाजी सोमवारी झडपेवर गेले. त्यानंतर त्या पेटीत तिसरा भाग आला, चौथा आला, आणि प्रत्येक वेळी मेकॅनिकची पाठ वळताच ताई आधी पेटीच्या मागे हात घाली. दाजी रोज तीनला सुटत आणि धावत येऊन रांगेत उभे राहात. रांगेत त्यांच्यापुढे कालपरवा पक्क्या झालेल्या बायका असत.