वत्सलाबाईंनी सांगितलेला धंदा

नाशिक रोडला वत्सलाबाई साळवे यांचं सुतारकामाचं दुकान आहे. तिथे फक्त शवपेट्या होतात. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच सांभाळलं. लाकडाचं काम कारागीर करतात, आतलं अस्तर त्या स्वतः शिवतात.

गेल्या नाताळाआधी ख्रिस्ती व्यावसायिकांचा मेळावा भरला होता. जागा गंगापूर रोडच्या पुढची, मिशनच्या जुन्या दगडी बंगल्यात. सून सृष्टी त्यांना घेऊन निघाली आणि रिक्षातच म्हणाली, "आई, तिथे नुसतं फर्निचर म्हणा. लोक उगाच दचकतात."

उंच छताच्या दिवाणखान्यात प्रार्थना झाली, मग ओळखी. कुणाची बेकरी, कुणाची ट्रॅव्हल्स. वत्सलाबाई "फर्निचर" म्हणाल्या आणि पटकन बसल्या.

जेवताना व्हरांड्यात अमोल भालेराव शेजारी आले. त्यांचं रिसॉर्ट होतं.

"मावशी, खोल्यांसाठी पलंग हवेत. तुमचं काम बघायला येऊ?"

वत्सलाबाईंचा हात ताटातच थांबला. "नका येऊ. मी खोटं बोलले. मी मातीच्या पेट्या करते, मयताच्या."

सृष्टीने मान खाली घातली. अमोल उठून गेले. वत्सलाबाईंना वाटलं, उगाच आले मी इथे. पण थोड्या वेळाने ते परत आले, हात धुऊन, डोळे लाल.

"माझे वडील इंदिरानगरला असतात. कॅन्सर आहे. रोज म्हणतात, माझी पेटी मला बघू दे. मी विषयच टाळतो. तुम्ही बोलाल त्यांच्याशी?"

पुढच्याच आठवड्यात अमोलचे वडील कारभारी भालेराव मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दुकानात आले. फळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "साग नको, बाई. हलकं लाकूड घ्या. ह्याच्या मित्रांच्यानं उचलवायचं नाही."

वत्सलाबाईंना हसू आवरेना. "आणि आतला रंग, दादा?"

"निळा. पांढऱ्यात मी फार आजारी दिसतो."

अमोल बाहेर गेले. बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, मग आत येऊन वडिलांजवळ स्टुलावर बसले. कुठली गीतं म्हणायची, आईच्या कबरीशेजारी जागा मिळेल का, असं बापलेक पहिल्यांदाच बोलले. वत्सलाबाईंनी चहा मागवला आणि कापड काढायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेल्या.

कारभारी फेब्रुवारीत गेले. पेटी पोचवून वत्सलाबाई नेहमीसारख्या चर्चच्या दारातूनच परत निघाल्या होत्या. अमोलनी त्यांना थांबवलं आणि घरच्यांच्या बाकावर नेऊन बसवलं.

शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"त्यांची पेटी मी केली," वत्सलाबाई म्हणाल्या.

बाईंनी सरकून जागा दिली आणि गीतांचं पुस्तक दोघींच्या मधे धरलं.