काळा दगड

पुण्यातल्या आमच्या नव्या कंपनीत आम्ही सहा जण बसगाड्यांच्या वेळा इंटरनेटवर चढवत होतो. त्या गोळा करायला मी ऐन पावसाळ्यात भामरागडला गेलो.

पुलाजवळच्या थांब्यावर एक बाई मासे विकत बसल्या होत्या. त्यांना मी दुपारच्या गाडीची वेळ विचारली. त्यांनी हनुवटीनं नदी दाखवली.

"तो काळा दगड दिसून राह्यला ना भाऊ, तवरी गाडी इथी येते."

मला हसू आलं. शेजारीच एक आई तापलेलं लेकरू घेऊन गाडीची वाट पाहत होती. थोड्या वेळानं बाई एकदम उठल्या आणि तिला म्हणाल्या, "दगड बुडला. गाडी आता पलीकडूनच वापस जाते. तू पायीच पूल पार कर, लवकर!"

ती काही न विचारता धावली. दीडला पलीकडे गाडी आली, तिला घेऊन तिथूनच वळली. अर्ध्या तासात पूल पाण्याखाली गेला. बाईंच्या हातात साधं घड्याळही नव्हतं.

मी चार दिवस तिथंच अडकलो. पुण्यात परतल्यावर वेळेच्या रकान्यात 'दीड' भरलं. दगडासाठी आमच्याकडे रकानाच नव्हता.