मायनसची तार

कोळवणात थंडी उतरण्याआधी आपल्या गाडीची बॅटरी तपासायला मेकॅनिक दर वर्षी येतो. बॉनेट उघडण्याआधी चपला बाजूला काढतो आणि आजारी म्हशीशी बोलावं तसं बॅटरीशी बोलतो, "काय गं, लई दमलीस व्हय?" माणसांशी बोलताना मात्र त्याचा आवाज कोरडा होतो.

तुमचे आजोबा गेल्यावर ही गाडी मी तुम्हा नातवंडांसाठीच ठेवली. तुम्ही आलात की फिरता यावं म्हणून.

यंदा मीटर लावता लावता त्यानं विचारलं, "आजी, गाडी चालवतंय कोन?"

"डिसेंबरात मुलं येणार आहेत."

"मागच्या वर्साला बी तुमी हेच म्हनला."

"तू नवी बॅटरी बसव."

नवी बॅटरी त्याच्या जीपमध्येच होती. त्यानं ती काढली नाही. पान्यानं जुनीचीच मायनसची तार सोडवली, फडक्यात गुंडाळली आणि बॉनेट हलकेच लावलं.

"उभ्या गाडीची तार आशीच सोडून ठिवत्यात, म्हंजी बॅटरी उतरत न्हाई. पोरं आली की फोन करा, जोडून देतो."

तार परत जोड, असं मला म्हणता आलं असतं. चहा घेणार का, एवढंच मी त्याला विचारलं.