डावीकडची खोली

नोव्हेंबर लागला की आम्हा निवृत्तिवेतनवाल्यांना बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या सकाळी नांदेडला मी त्याच रांगेत उभी होते. हातातल्या कागदावर माझा फोटो आणि खाली मी जिवंत असल्याचं माझ्याच सहीनं लिहून दिलेलं. महिनाभर लातूरला अक्काच्या उशाशी होते, तेवढ्या कामापुरती एका दिवसासाठी घरी आले होते. माझ्यापुढे दोघंच उरले होते तेव्हा भाच्याचा, महेशचा फोन आला. "मावशी… आई गेली." मी रांग सोडली नाही. कागद दिला, शिक्का बसल्याचं पाहिलं आणि मग बाहेर पायरीवर बसून रडले. बत्तीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईला आधी काम उरकायची खोड असते, दुसरं काय सांगू. संध्याकाळी लातूरला पोचले तेव्हा आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे अक्काला बसवून, कपाळाला विभूती लावून ठेवलं होतं, माझ्यासाठीच थांबले होते सगळे. एका दिवसासाठी मी तिला सोडून गेले आणि नेमकी त्याच दिवशी ती गेली, याचं दुःख आहेच. पण आज जे लिहायला बसले आहे ते त्याच्याही आधीचं आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव जळकोटजवळचं. अप्पांचं किराणा दुकान, आम्ही दोघी बहिणी, अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा झालं त्याच सुमारास ती लग्न होऊन तिकडे गेली. दाजींचं भांड्यांचं दुकान होतं. लग्न ठरवताना दाजी अप्पांना म्हणाले होते, "मामा, आता जिल्ह्याचं गाव झालं. पाणी दारात येतंय." नळ खरंच दारात आला, पाणी मात्र त्याच्या मनात येईल तेव्हा यायचं. आधी दिवसाआड, मग आठवड्यानं, आणि रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. घरातली पिंपं, हंडे, घागरी भरायचं काम अक्काचं, आणि त्यात तिनं कधी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या मुलाच्या बारशाला ती आली नाही. आमच्या घराच्या वास्तुशांतीतून पानावरून उठून लातूरची बस धरली. "उद्या नळ हाय गं," एवढं म्हटलं की तिच्या दृष्टीनं विषय संपला. मला फार राग यायचा. एकदा चिडून विचारलं, "अक्का, तुझं लग्न दाजींशी झालंय का नळाशी?" ती पदर खोचत शांतपणे म्हणाली, "नळाशीच. दाजी तर रोज येतेत." त्यावर दाजीच सगळ्यांत मोठ्यानं हसले होते.

दाजी गेले, महेशनं घर वाढवलं, गच्चीवर मोठी टाकी बसवली, बोअर घेतली, आणि पन्नाशी उलटल्यावर कधीतरी अक्काचे हात रिकामे झाले. मीही निवृत्त झाले. एकदा ती म्हणाली, "सुमे, मला असं पाणी बघायचंय, ज्याला टाकीच लागत न्हाई." तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. मी वर्तमानपत्रात मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या जहाजाची जाहिरात पाहिली आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ठरवून टाकणं हा माझा स्वभावच आहे. जानेवारीत आम्ही दोघी लातूरच्या एका यात्रा कंपनीच्या कार्यालयात गेलो. एरवी काशी आणि चारधामच्या बसगाड्या काढणारे ते गृहस्थ. जहाजाचं गिऱ्हाईक त्यांनाही नवीन होतं. त्यांनी जहाजाच्या मजल्यांचे नकाशे टेबलावर पसरले. लहान लहान चौकोन, प्रत्येकाला नंबर. अक्कानं चष्मा लावला आणि प्लॉटिंगचा लेआउट पाहावा तसा तो नकाशा पाहायला घेतला. लातूरच्या बाईला प्लॉट कळतो. "ह्या खोलीच्या डोक्यावर काय हाय?" तिनं विचारलं. ते म्हणाले, नाचायचा हॉल. "मग ती सोडा. आन् ही?" ती लिफ्टला लागून होती. "म्हणजे रस्त्याकडचा प्लॉट. ती बी नको." ते गृहस्थ खुर्चीत सावरून बसले. मग अक्का म्हणाली, "पूर्वेच्या अंगाची दाखवा. खिडकीची. पडल्या पडल्या पाणी दिसावं, आन् पूजेला ऊन यावं."

ती रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूर्वेकडे तोंड करून पूजा करायची, त्यामुळे हे मागणं तिच्या हिशेबी सरळ होतं. मी मात्र हसले. त्या परक्या माणसासमोर हसले. बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला आहे आणि शहाणपण पाजळायची संधी मी सहसा सोडत नाही. "अक्का, जहाज म्हंजे काय घर हाय का? ते वळतंय. त्याला पूर्व-पश्चिम नसती." मग मी टेबलावरची पट्टी उचलून दोघांनाही धडा दिला: जहाज टोकाला जास्त हलतं, वरच्या मजल्यावर जास्त हलतं, म्हणून खालचा मजला, त्यातही मधली खोली सगळ्यांत चांगली. तशा मधल्या खोलीला खिडकी नव्हती. खिडकीची मोकळी होती ती दोन मजले वर, डाव्या बाजूला, जरा पुढच्या अंगाला. खरी गोष्ट अशी की मला बसमध्येसुद्धा उलटी होते, नांदेडहून निघाले की अहमदपूरपर्यंत माझं तोंड पिशवीतच असतं. भीती माझी होती आणि नाव मी भूगोलाचं घेत होते. अक्कानं त्या डावीकडच्या चौकोनावर बोट ठेवलं होतं. बराच वेळ ते तिथेच होतं. "काय विचार करून राहिलीस?" मी म्हटलं. "खिडकीची घेऊ की, सुमे… एकदाच तर जायचंय." मी म्हटलं, "खोलीत काय बसायचंय? दिवसभर वर डेकवरच बसू." तिनं बोट उचललं. "बरं. तू शिकलेली हाय." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पहिल्या संध्याकाळी मुंबईचा किनारा मागे जाताना आम्ही दोघी वर कठड्याशी उभ्या होतो. अक्का दोन्ही हात कठड्यावर ठेवून नुसती पाहत राहिली. तासाभरात म्हणाली, "चल खाली, दमले." दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवेना. "जहाज लागलं वाटतं," ती म्हणाली. मी लिंबू दिलं, गोळी दिली. गंमत बघा, जहाज अजिबात हलत नव्हतं. ताटातल्या पाण्यासारखा समुद्र होता, मलासुद्धा काही झालं नाही. सूर्योदय पाहायला मी एकटीच वर गेले. आणि सूर्य उगवला तो डाव्या बाजूला. कोकणाच्या डोंगरामागून वर आला आणि त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या एका रांगेत उजळल्या. मी कठड्याला धरून उभी राहिले. महाराष्ट्राचा नकाशा बत्तीस वर्षं माझ्या वर्गाच्या भिंतीवर होता. मुंबईहून गोव्याला दक्षिणेकडे जाताना डावा हात सारा वेळ पूर्वेला, हे माझ्या पाचवीच्या पोरींनी झोपेत सांगितलं असतं. अक्कानं जे मागितलं होतं ते त्या जहाजावर होतं, मोकळं होतं आणि तिनं स्वतःच्या बोटानं दाखवलंही होतं. मी खाली आले. आमच्या खोलीत दिवस-रात्र दिवा लावूनच ठेवावा लागे. अक्का पलंगावर बसली होती, तळहातावर लिंग. "सुमे, पूर्व कुठं आली गं?" मी कपाटाकडे बोट केलं. तिनं कपाटाकडे तोंड करून पूजा केली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. वर जाऊन, खोली बदलून मिळेल का, एवढं तरी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर माझं चुकलं हे तिला सांगावं लागलं असतं. उरलेला सगळा वेळ ती तिथेच पडून होती आणि मी वर-खाली करत समुद्र कसा दिसतोय याची वर्णनं तिला आणून देत होते.

परत आल्यावर महिन्याभरात पोटातलं दुखणं लपवता येईना तेव्हा महेशनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं माहीत आहे, कागद दिलेत आधीच. ती फाईल तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली सापडली. मी तारीख पाहिली. जहाजाचा नकाशा पाहायला गेलो त्याच्या तीन आठवडे आधीची होती… जिने चढणं आता होणार नाही, दिवसाचा बराच वेळ पडून जाणार, हे ठाऊक असलेली बाई त्या टेबलाशी बसून पडल्या पडल्या पाणी दिसेल अशी खोली मागत होती, आणि मी तिला पट्टी घेऊन शिकवत होते. मी तिच्यावरच ओरडले. रडत ओरडले, की त्या दिवशी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू जहाजच रद्द केलं असतंस." थोड्या वेळानं माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आतलीच खोली बरी होती गं. खिडकी असती तर तू तिकडं तोंड करून बसली असतीस, माझ्याकडं पाठ. तीन दिवस तू माझ्याकडंच बघून होतीस." मी ते खरं मानलं. मला मानायचंच होतं.

ऑक्टोबरात ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी लातूरला राहायला गेले. एका दुपारी, औषधाच्या गुंगीत, डोळे मिटलेलेच ठेवून तिनं विचारलं, "सुमे, ती डावीकडची खोली कशी असती गं?" …म्हणजे नऊ महिने ती खोली तिच्या मनातून गेलेली नव्हती. आतली बरी होती हे तिनं माझ्यासाठी म्हटलं होतं. ती खोली मी आतून कधी पाहिली नव्हती, पण मी सांगायला सुरुवात केली. खिडकी एवढी मोठी, तिच्याखाली पलंग, आधी नुसता काळा डोंगर दिसतो, मग त्याची कड तांबूस होते, मग पाण्यावर ऊन येतं ते थेट तुझ्या हातापर्यंत. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी ती माझंच सांगणं दुरुस्त करायला लागली. पडदा नको. उशी उंच पाहिजे. आणि म्हणाली, "खिडकीपाशी मी. तू भिंतीकडं झोप, तुला गरगरतंय." इतक्या दिवसांत माझ्या उलट्यांचा विषय दोघींत कधी निघाला नव्हता. तिला त्या टेबलाशीच सगळं कळलं होतं. मी म्हटलं, "अक्का, माझं चुकलं." ती म्हणाली, "हाव. आता सांग, पाणी कसं दिसतंय?"

आता नांदेडला सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी ती खोली लावून घेते. पडदा काढलेला, उशी उंच. भिंतीकडच्या पलंगावर मी आणि खिडकीपाशी ती, कुशीवर वळलेली, माझ्याकडे पाठ करून. खूप वाटतं हाक मारावी, तिनं एकदा वळून पाहावं. मी हाक मारत नाही. बघू दे तिला.