ताईचा हात आणि भावोजींची हाडं

माझे भावोजी डॉक्टर नव्हेत. मेडिकल कॉलेजातल्या हाडांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते, एवढंच. पण अठ्ठावीस वर्षं सापळ्यावरची धूळ पुसता पुसता ते अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले होते.

घरी कुणी आलं की पाणी विचारायच्या आधी त्याची बाही वर जायची. "हे दंडाचं. एकच हाड. कोपराखाली दोन. अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना. आता पंजा पालथा करा. बघा, रेडियस कसं अल्नावरून आडवं गेलं!" मग शिरांची पाळी. अंगठ्याकडून वर चढणारी एक, करंगळीकडून दुसरी आणि कोपराच्या खळीत दोघींना जोडणारी तिसरी. "रक्त काढतात ते हिच्यातून." पाहुणा निमूट मान डोलवायचा. करतो काय, हात त्यांच्या ताब्यात!

माझी ताई शिवणकाम करते. कापड बेतावं आणि कापावं ते तिनेच. एके सकाळी ती न्हाणीघरात घसरली आणि उजव्या तळहातावर पडली. मनगट सुजलं. भावोजींनी चष्मा चढवला, दंडापासून खाली चाचपत आले आणि निकाल दिला, "तिन्ही हाडं शाबूत. नुसतं मुरगळलंय. उगाच बाऊ करू नकोस."

मी म्हटलं, "भावोजी, एक्स-रे काढू या ना."

"तू किती सापळे पाहिलेस गं?"

"एकच. समोर उभा आहे."

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. तीन आठवडे ताई "दुखतंय" म्हणायची, भावोजी "मुरगळलंय" म्हणायचे, आणि ती दात आवळून कात्री चालवत राहायची. एक दिवस कात्री हातातून गळून पडली, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. भावोजी मागोमाग आलेच, डॉक्टरांना समजावून सांगायला.

डॉक्टरीणबाईंनी ताईला अंगठा ताणायला लावला आणि त्याच्या मुळाशी खळगा पडतो तिथे हलकेच दाबलं. ताई किंचाळली. एक्स-रेत दिसलं, मनगटातल्या एका छोट्या हाडाचे दोन तुकडे झाले होते.

"मनगटात आठ हाडं असतात, काका. तुम्ही इथे दाबून पाहिलं नाहीत?"

भावोजी अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "तिथे तार असते."

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. मला मात्र उलगडा झाला. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, कॉलेजातल्या सापळ्याच्या मनगटातली बारकी हाडं कधीच हरवली होती, आणि भावोजींनीच तारेचे वेढे देऊन पंजा लटकवला होता. सापळ्याला नाही, म्हणजे बायकोलाही नाही! मला इतका संताप आला की हसूच फुटलं.

ऑपरेशन झालं. मनगट आता पूर्वीसारखं वळायचं नाही, कापडावर कात्री चालवणं तर नाहीच, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. ताई घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

भावोजींनी काय करावं? आठवड्याभरात आठही हाडांची नावं पाठ केली. शेजारीण भेटायला आली, तर तिच्यासमोर ताईचा हात उचलून सुरू, "इथे आठ हाडं असतात बरं का. पैकी हे..."

"सोडा," ताई म्हणाली. "मी दुखतंय म्हणत होते, तेव्हाही हात माझाच होता."