वासाच्या चाचणीला बसलेलं माझं नाक

इथल्या समुद्रातून निघणाऱ्या गॅसला स्वतःचा वास नसतो. जहाजानं युरोपात पोहोचला की तिथे त्यात मुद्दाम दुर्गंध मिसळतात. स्वयंपाकघरात गळती झाली तर कळावी म्हणून. तिथल्या काही कंपन्या मिळून नवा दुर्गंध तयार करत होत्या. तो किती मिसळला म्हणजे पुरे, हे ठरवायला त्यांना देशोदेशीची नाकं हवी होती. दोह्याच्या आमच्या प्रयोगशाळेतून दोघं निवडली गेली : वसईची एक सहकारी आणि मी.

निवड झाली तेव्हा नाक चांगलं होतं. मग ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. मी कुणाला बोललो नाही. आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं.

चाचणी साधी, दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. नळीला नाक लावायचं, वास आला की बटण दाबायचं. आम्ही समोरासमोर बसायचो. मी तिच्याकडे बघायचो. वास ओळखताना माणसाच्या चेहऱ्यावर काय काय होतं! आधी भुवया थबकतात, मग वरचा ओठ जरासा वर जातो. बटण सगळ्यात शेवटी. तिचा ओठ हलला की मी दाबायचो. खरं सांगतो, मला त्याची गोडी लागली होती. कधीकधी तर मीच आधी दाबायचो.

मग एका मीटिंगमध्ये पडद्यावरून प्रकल्पाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "दोह्याची दोन्ही नाकं भलतीच तिखट आहेत. मात्रा कमी करता येईल."

कमी. म्हणजे तिकडे कुणाच्या तरी ओट्यापाशी गॅस गळत राहणार, आणि त्या माणसाला कळणारच नाही.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "पहिल्या फेरीच्या आधीपासूनच."

"मग बटण?"

"हिच्या चेहऱ्याकडे बघून."

बाई रागावल्या नाहीत. पुढे वाकून त्यांनी विचारलं, "चेहऱ्यावर नेमकं काय दिसतं?" मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि दोह्याच्या सगळ्या फेऱ्या रद्द केल्या.

बाहेर आल्यावर सहकारी उसळली. "माझे सगळे शुक्रवार खलास! आणि मी डब्यात बोंबील आणले की खिडकी उघडायचास, ते काय होतं रे?"

"बोंबील दिसायचे ना."

हसू दाबत तिनं विचारलं, "घरी सकाळी गॅस कोण पेटवतं?"

"मीच. सगळे झोपलेले असतात."

तिचं हसू गेलं. "बायकोला माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"लाव फोन. यल्ला, चल लवकर."

ती हलेना. मी नंबर लावला.