डाव्या चाकाची आतली कड

दोरीवाल्याला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो उगाच खोकत होता.

समोर पिवळी स्पोर्ट्स कार उभी होती. दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. दातांच्या डॉक्टरीणबाईंची. दोन महिन्यांपूर्वीच नवे टायर घालून, चाकांची अलाइनमेंट करून गेलेली. आज पुढचं डावं चाक खोललं तर टायर बाहेरून कोरा करकरीत, आणि आतली कड? तुळतुळीत! एका जागी तर आतली तार डोकावत होती.

आणि ती अलाइनमेंट केली होती त्याच्या मेहुण्याने. मग आनंद नको व्हायला?

सव्वीस वर्षं दोरीवाला या टायरच्या दुकानात होता. मशीन नव्हतं तेव्हा तो मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायचा, एक डोळा मिटायचा, फूटपट्टी लावायचा आणि चाक सरळ आहे की वाकडं ते सांगायचा. लोक नाव विसरले, दोरीवाला राहिला. मग शेठने कॉम्प्युटरचं मशीन आणलं, आणि दोरीवाल्याने स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा मारून घेतला. बायकोच्या धाकट्या भावाला त्यानेच शब्द टाकून कामाला लावलं. त्या पठ्ठ्याने आठ दिवसांत मशीन शिकून घेतलं!

तेव्हापासून दोरीवाल्याकडे गाडीखालचं काम. मशीनवर चढवण्याआधी चाक धरून हलवायचं, रबरं, सांधे बघायचे, कागदावर बरोबरची खूण करायची. आधी हलवा, मग मोजा. हा नियमसुद्धा त्याचाच. पण गिऱ्हाईक मेहुण्याला म्हणणार ‘सर’. ज्याला स्टेपनी कशी उतरवायची ते यानेच शिकवलं, तो सर! घरी बायको वर आणखी मीठ चोळायची. "आमच्या घराण्यात डोकं आहेच हो आधीपासून." हा ताट सरकवून उठायचा.

"उद्या मी हायवेने चारशे किलोमीटर जाणार होते," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "टायर फुटला असता तर?"

शेठ मेहुण्याकडे वळला. "उद्यापासून मशीनला हात लावायचा नाहीस. हवा भर बाहेर बसून."

मेहुण्याने मशीनचा तेव्हाचा प्रिंट पुढे केला. "शेठ, सगळे आकडे हिरवे होते हो, एकदम बरोबर."

"आकडे हिरवे आणि टायर टकला!" दोरीवाला म्हणाला. सगळं दुकान हसलं. किती दिवसांनी त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं होतं! त्याला चेवच चढला. कपाटातून दोरी काढली, चाक परत बसवलं, गाडी खाली घेतली. "आता बघा. डोळ्यांसमोर दाखवतो मशीनने काय दिवे लावलेत ते."

दोरी ताणली. डोळा मिटला. मोजलं.

बरोबर होतं.

परत मोजलं. केसाचाही फरक नाही. मग त्याने गाडी पुन्हा जॅकवर घेतली, डावं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हिसका दिला. खट्ट! टॉर्च घेऊन तो खाली सरपटला. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्याचं रबरी बुश फाटलेलं. फट आतपर्यंत धुळीने भरलेली, म्हणजे जुनी. गाडी उभी असताना चाक सरळ, पळायला लागली की फाकणार आणि आतली कड रस्त्यावर घासत जाणार. मशीन काय करणार बिचारं!

आणि ते चाक हलवून बघायचं कुणी होतं?

त्याला तो दिवस लख्ख आठवला. सहा वर्षं त्याचंच नाव घेऊन येणाऱ्या या बाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "ही गाडी नाजूक आहे, मशीनवाल्या सरांनाच करू दे हं." याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चाकाला बोटही न लावता कागदावर खूण ठोकली आणि चहा प्यायला निघून गेला.

"काय म्हणते दोरी?" शेठने विचारलं.

गाडीखाली त्याच्याशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. मशीन चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

मेहुणा शेजारी उकिडवा बसला. डोळ्यांत पाणी. "भाऊजी, तुम्हीच सांगा ना, माझं कुठे चुकलं? मला कळतच नाहीये."

असा राग आला त्याला! एवढा विश्वास कशाला ठेवायचा माणसाने!

"तुझं नाही चुकलं, गाढवा!" तो गाडीखालूनच ओरडला. "बुश फाटलंय. तेव्हाच फाटलेलं. मी हलवून बघितलंच नव्हतं."

"का?" शेठ.

"बाई म्हणाल्या मशीनवाल्याला करू दे. म्हटलं, करू दे मग."

डॉक्टरीणबाईंनी वाकून गाडीखाली बघितलं. "म्हणजे... तुम्ही रुसला होतात?"

यावर तर दुकान मघाच्या दुप्पट हसलं. दोरीवाला बाहेर यायलाच तयार नव्हता.

"तिथेच थांबा," शेठ म्हणाला. "नवीन बुश तुम्हीच बसवायचं, आत्ता. आणि तू रे, मशीन चालू कर."

बुश बसलं, टायर नवा चढला, गाडी मशीनवर गेली. मेहुणा नाक पुसत म्हणाला, "भाऊजी, आत बसता का? एवढ्या बुटक्या गाडीला चालवणाऱ्याचं वजन लागतं सीटवर. नाहीतर आकडे चुकतात."

"वाळूची गोणी ठेव की."

"गोणी फाटलीये. तुम्ही बसा ना."

बसला. गुडघे छातीला लागले. काचेबाहेर बाई मेहुण्याच्या शेजारी उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या, तो बोट दाखवून काहीतरी सांगत होता, आणि त्या म्हणाल्या, "किती छान समजावता हो सर तुम्ही!"

काय समजावतोय एवढं? दोरीवाल्याने मान लांब केली.

"भाऊजी, हलू नका," मेहुणा ओरडला. "आकडे हलतायत."

दोरीवाला दात खाऊन, श्वास रोखून, गोणीसारखा बसून राहिला.